साध्या कपड्यांत

कायदा म्हणतो, वर्दी घालून जायचं नाही.
टोपी, पट्टा, नावाची पाटी लॉकरमध्ये,
आणि भाचीच्या बारशाला शिवलेला जांभळा कुर्ता घालून
मी प्रतीक्षानगर, संक्रमण शिबिर, चौथा मजला.
लिफ्ट बंद.

दोरीवर शाळेचा गणवेश ठिबकत होता.
आई तिच्या वेणीचं टोक धरून बसलेली.
ती बोलेल त्याच शब्दांत लिहायचं,
आपलं व्याकरण घुसडायचं नाही.

तुझं नाव कुठे छापून येणार नाही, मी म्हटलं.
कोर्टात मध्ये पडदा असेल,
तो तुला दिसणार नाही.
घाई नाही. पाणी पी.

तिनं पेला खाली ठेवला,
माझ्या ओढणीकडे बघत राहिली.
"तुम्ही खऱ्या पोलीस ना?"
हो.
"मग ड्रेस कुठाय?"
तू घाबरू नयेस म्हणून काढून ठेवलाय.

"मी नाही घाबरत.
त्याच्याकडे जाताना घालाल ना?"

पेनाचं टोपण मी दातांनी उघडलं.
वेळ, चार वाजून दहा मिनिटं.
हे वाक्य जबाबात कुठेच बसत नव्हतं.
लिहिलं.