उष्टावणाची वाटी

बोहरी आळीत हातिमभाई डबा पुढे सरकवतात :
"डबल बॉइल्ड. रात्रीत सुकतं. दारांना सगळे हेच नेतात."

दार कोणी चाखत नाही, हातिमभाई.
ही वाटी आहे, फणसाची.
रविवारी हिच्यात खिमट असणार
आणि जिचं उष्टावण, ती
हिरड्या शिवशिवल्या की काठच धरणार तोंडात.

डब्यामागे, मुंगीएवढ्या अक्षरांत, कोबाल्ट.
चष्मा कपाळावर चढवून वाचते. डबा परत.

शेंगदाण्याचं? महिन्यात खवट.
खोबरेल लावलं तर भाताला वेणीचा वास.
कच्चं जवस, घाण्याचं. हेच खरं.
पण सुकायला तीन आठवडे,
तेही ऊन असलं तर.
आज बुधवार.

पीएमटीत उभ्यानं, धायरी येईपर्यंत,
चारातून एकवीस काही जाईनात.

शेवटी ओल्या फडक्यानं पुसून
उठलेले तंतू घासून
कोरडीच दिली.
"डाग पडतील," म्हटलं.
शाल्मली करंदीकर म्हणाली, "पडू देत की."

सोमवारी वाटी परत आली, तेलासाठी.
तळाशी हळदीचं कडं.
काठावर एकाच जागी
लाळेनं फुगलेलं लाकूड, करंगळीच्या नखाएवढं.

पॉलिशकागद हातात घेतला.
ठेवला.

बोटानं जवस लावलं, पुसलं, परत लावलं.
चिंध्या बाहेर तारेवर पसरल्या :
बोळा करून टाकल्या तर आपोआप पेटतात.
वाटी खिडकीत, जिथे साडेतीनला ऊन येतं.

तेलाखाली डाग गडदच होतो.
माहीत होतं मला.