दार पूर्वेला

पहिलं गोदाम दाखवलं ते मुक्त व्यापार क्षेत्रातलं.
नऊ मीटर उंची, गुळगुळीत फरशी, छताला पांढरे दिवे.
मिलेन्का व्र्सालोविचनं भाडं विचारलं,
मी सांगितलं, ती हसली,
आणि आम्ही परत गाडीत बसलो.
तिच्या ड्रायव्हरनं, एलेउतेरिओनं,
इंजिन बंदच केलं नव्हतं.

तिचा माल म्हणजे कुंपणाची तार, मेंढ्यांच्या लशी,
खिडक्यांच्या चौकटी, बटाटे.
सगळं सामुद्रधुनीपलीकडच्या कुरणांवर जायचं,
आठवड्यातून दोनदा, फेरीबोटीनं.
"थंडी पुंता अरेनासमध्ये फुकट आहे," ती म्हणाली,
"मला बटाटे गोठू नयेत एवढी ऊब हवी
आणि बोट चुकू नये एवढंच अंतर."

दुसरं विमानतळाच्या वाटेवरचं. नवं कोरं.
धक्का बरोबर ट्रकच्या उंचीचा,
अंगणात लांब ट्रेलर एका दमात वळेल.
इथे मी जरा जोर लावला. दलाली बरी होती.
एलेउतेरिओ उतरला. खिशातून काढली
बटाट्याच्या पोत्याची निळी सुतळी,
दाराच्या कडीला बांधली आणि मागे सरून उभा राहिला,
सोयरीक न्याहाळणाऱ्या चुलत्यासारखा.
सुतळी ताठ झाली.
सरळ आत बोट दाखवू लागली.
"पश्चिम," तो म्हणाला. दिवसभरातला त्याचा पहिला शब्द.
मग डावा हात वर केला, करंगळीशेजारचं बोट अर्धंच:
अशाच एका दारात, ट्रकची फळी
वाऱ्यानं मिटली होती, त्यानं नव्हे.
सांगताना रागावला नाही.
वाऱ्यावर इथे कुणी रागावत नाही,
आमची झाडंसुद्धा एका कुशीवरच वाढतात.

तिसरं दाखवायचं नव्हतं.
खोटं बोलतोय, तेच दाखवायचं होतं.
रिओ सेकोचं लोकरीचं कोठार,
जिथे माझ्या बापानं एकतीस वर्षं गठ्ठे दाबले.
वारा पाहून पाठ द्यावी, हे बांधणाऱ्यांना कळत होतं:
पाठ पश्चिमेला, दार पूर्वेला, समोर पाणी.
सुतळी कडीवर निवांत लोंबत राहिली.
एलेउतेरिओनं मान हलवली. माझ्या छातीत काहीतरी उडालं.
मिलेन्का मात्र वर बघतच नव्हती.
गुडघ्यावर बसली, चाकू काढला,
फळ्यांमध्ये टेकवला.
पातं मुठीपर्यंत गेलं. आवाजही नाही आला.

"फोर्कलिफ्ट किती वजनाची?" मला माहीत होतं, तरी विचारलं.
"भरलेली साडेसहा टन."
तिघांनी मिळून जमिनीकडे पाहिलं.
"काँक्रीट ओतता येईल," मी म्हणालो.
"ओत. भाड्यातून वळतं करू."
मालक सान्तियागोला. खर्चाची गोष्ट निघाली
की त्यांच्या फोनची रेंज जाते.

सही झाली ती चौथ्यावर, जे माझ्या यादीतच नव्हतं.
त्रेस पुएन्तेसजवळची बसगाड्यांची जुनी शेड,
छप्पर दोन जागी गळकं, भिंतीवर कुणा क्लबच्या घोषणा,
पण दार पूर्वेला, खाली चांगला जाड गिलावा,
आणि बोटीचा भोंगा वाजला की पत्रे थरथरतात.
ती घड्याळ लावून धक्क्यापर्यंत गेली, परत आली.
"सहा मिनिटं. ट्रक भरलेला असेल तर आठ."
मालकाशी तिनंच बोलणं केलं. माझ्या वाट्याला हस्तांदोलन.

संध्याकाळी रिओ सेकोला कुलूप लावायला गेलो.
किल्ली हातातून सटकली. परत सटकली.
तळवे बघितले तर तेलकट: मी फळ्यांना हात लावला असणार,
त्या चाकूच्या भोकाशी, नकळत.
किती वर्षांची लोकर, लाकूड अजून चरबी सोडतंय.
आई म्हणायची, सगळ्या गावात
तुझ्या बापाचे हात मऊ होते,
बाकीचा माणूस नव्हता.

कडीला निळी सुतळी तशीच. मी सोडली नाही.
सोमवारी कुणी मासळीवाले येणार आहेत बघायला.
त्यांना छताची उंची सांगेन, दाराची दिशा सांगेन.
जमिनीचं, त्यांनी विचारायच्या आधीच.