मशीन बंद ठेवल्याची नोंद

पहाटे चारला वर्सोव्याच्या वाळूवर
माझं मशीन उतरतं.
पुढे दात, मागे जाळी.
वाळू चाळत जायचं:
स्ट्रॉ, चिंध्या, जोडी हरवलेल्या चपला,
अर्धवट विरघळलेले देव.
दहा वर्षं बार्शीकडं ट्रॅक्टर हाकला,
आता समुद्राच्या कडेची मशागत.

त्या दिवशी माझ्या आधीच
कुणीतरी टायर उमटवून गेलं होतं.
दोन्ही अंगांना तिरप्या खाचा,
पाण्यातून वर,
आणि जरा बाजूनं परत पाण्यात.
कंत्राटदाराला मनातल्या मनात शिवी हासडली,
दुसरं मशीन लावलं वाटतं!
मग डोक्यात आलं,
समुद्रातून चढून येणारा ट्रॅक्टर
कुठल्या कंपनीचा असतो?

हशा नाखवा होडीकडे चालला होता.
थांबला. पायातली चप्पल काढली.
"कासवीन आली रं.
बाप सांगायचा, मी कवा बघितली नाय."
काठीनं वाळू टोचत गेला हलके हलके,
जसं झोपलेल्या माणसाच्या खिशात हात घालावा.
एका जागी काठी आपसूक आत गेली.
तिथंच उकिडवा बसून राहिला,
भरती चुकली तरी.

वनखात्याची रमिला पाडवी आली.
गाव अक्राणीत, डोंगरात;
समुद्र पाहिला तो नोकरी लागल्यावर.
चार बांबू, एक जाळी, एक पाटी.
म्हणाली, दीड-दोन महिने लागतील,
कुत्र्यांवर लक्ष ठेवा,
आणि दादा, तुमचं मशीन वळसा घालून.

त्रेपन्न दिवस मी वळसा घातला.
सुपरवायझर चौगुले टेप घेऊन आले,
आठ बाय आठ फूट न झाडलेली वाळू
बिलातून वजा करायला.
कुणी बांबूला हार घातला,
कुणी जाळीला टेकून लग्नाआधीचे फोटो काढले,
एका पोराचा टेनिस बॉल आत गेला
तो त्यानं मागितला नाही.

चोपन्नाव्या रात्री वाळू मधोमध खचली.
रमिलाचा फोन. मी जिन्यावरच बूट चढवले.
पिल्लं उजेडाकडे जातात म्हणे,
फार पूर्वी रात्री सगळ्यात उजळ
समुद्रच असायचा.
आता मागं बावीस मजले,
खाली बाग, बागेत हॅलोजन.
दुपारीच ती सेक्रेटरीला भेटून आली होती.
दिवे बंद केले की चोऱ्या होतात, तो म्हणाला.

मी मशीन आणलं.
टॉवर आणि जाळीच्या मध्ये आडवं लावलं,
दातांवरून ताडपत्री टाकली,
हेडलाइट बंद, इंजिन बंद.
एवढी मोठी सावली पाडायला
हे यंत्र पहिल्यांदाच कामाला आलं.

ती त्या सावलीतून निघाली,
ओल्या बिब्ब्याएवढी काळी,
वल्हं मारत, कोरड्यावरच.
आणि एकेक करून गडप व्हायला लागली.
टॉर्चवर लाल कागद लावून पाहिलं
तर माझ्याच चाकांच्या खाचा,
आत्ता येताना पडलेल्या.
वीतभर खोल.
त्यात पोहून पोहून दमत होती
दरीत अडकल्यासारखी.

मग गुडघ्यांवर आलो.
हशा त्या टोकानं, मी या टोकानं,
तळहातांनी वाळू सपाट करत
पाण्यापर्यंत.
आपला माग आपणच पुसायचा,
हे कुठल्याच ड्रायव्हिंग लायसनला विचारत नाहीत.
रमिला मोजत होती पुटपुटत, तिच्या बोलीत,
ब्याण्णववर तिचा आवाज फाटला
म्हणून पुढचे आकडे मला ठाऊक नाहीत.

एक पिल्लू शेवटपर्यंत वळलंच नाही.
तीनदा तोंड फिरवलं पाण्याकडे,
तीनदा ते हॅलोजनकडे निघालं.
चौथ्यांदा मी त्याच्या मागं
आडवा झोपलो, नुसता,
भिंत म्हणून.

सकाळी लॉगबुक भरलं.
कचरा: शून्य.
डिझेल: साडेचार लिटर.
मशीन बंद ठेवण्याचं कारण:
या रकान्यात जागा फार कमी असते.
मी लिहिलं, "रहदारी."
चौगुलेंनी सही केली,
अर्धा रोज कापून.