बिडाचे टाके

पाणी जातंय कुठे, हेच आधी कळेना.
खाली थेंब नाही, नळ्या कोरड्या, रेडिएटर धडधाकट,
तरी रोज सकाळी दोन लिटर कमी.
वारा पितो, बाबा म्हणायचे.
आमच्या पातागोनियात सगळ्याचा आळ वाऱ्यावरच:
उडालेले पत्रे, हरवलेल्या मेंढ्या,
न आलेली पत्रं.

मग धूर पांढरा झाला, जरा गोडसर वासाचा.
मग डिपस्टिकवर तेलाच्या जागी
दुधाळ कॉफीसारखा फेस.
रिओ मायो गाठेपर्यंत
लोकरीच्या चाळीस गठ्ठ्यांखाली आमचा जुना मर्सिडीज
चढावर तीनदा बसला.

नवेल्किर मेस्त्री बोलायचा कमी.
झाकण काढून म्हणाला, चालू कर.
हिरव्या पाण्यात बुडबुडे, एकामागून एक,
तळाशी कुणी श्वास सोडत असावं तसे.
"हेड," तो म्हणाला. एवढंच.

बोल्ट सोडायचे ते कडेकडून आत,
पाव पाव फेऱ्यानं, एकदम नाही.
चौघांनी उचललं ते धूड, बाकावर ठेवलं,
बाक कण्हलं.
रॉकेल चोपडलं, फडक्यानं कोरडं केलं,
वर खडूची भुकटी.
आणि आम्ही माते पीत बसलो,
एकच भोपळा हातोहात फिरत.

खडूतून रॉकेल सावकाश वर आलं.
तिसऱ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्हांमधून
केसाएवढी रेघ.
शाळेत मी इतकं हळू
कुणाला लिहिताना पाहिलं नव्हतं.

मेस्त्रीनं तिच्यावरून नख फिरवलं.
"हे म्हातारपण नव्हे.
तापल्या इंजिनात कुणीतरी गार पाणी ओतलंय."

मार्च महिना, गुआनाको ओलांडतात तो चढ,
बाबा तापानं फणफणून केबिनमध्ये निजलेले,
मी पंधराची, स्टिअरिंगवर,
काटा लाल घराच्या पार.
ओढ्यावरून डबा भरून आणला. घाई.
वाफेचा लोट, आणि आत कुठेतरी
काचेला नखी लागावी इतका बारीक आवाज.
कुणाला सांगितलं नाही.
तो आवाज पुढे सात महिने
मी जेवताना, केस विंचरताना ऐकत होते.

"मी ओतलं," बाबा म्हणाले.
भोपळ्यातल्या नळीकडे बघत.
मेस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं,
आणि ड्रिल उचललं.

"बिडाला वेल्डिंग मानवत नाही," तो म्हणाला,
"शिवायचं."
आधी रेघेच्या दोन्ही टोकांना भोकं,
म्हणजे ती पुढे पळणार नाही.
मग भोकात आटे, आट्यात खिळी,
खिळी कापायची, ठोकायची,
पुढचं भोक पहिल्या खिळीला चावत.
हातोडी इतकी हलकी की शेजारचं कुत्रंही उठेना.
एकवीस टाके. दोन दिवस लागले.
सातव्यापाशी आटे पाडायचा टॅप मोडला,
तेव्हा मात्र त्यानं ज्या शिव्या दिल्या
त्या मापुचे भाषेत होत्या, बाबांनी अर्थ सांगितला नाही.

सगळी तोंडं रबरानं बंद केली, आत हवा भरली,
हेड कढत पाण्याच्या टाकीत सोडलं.
आम्ही तिघं वाकून.
एक बुडबुडा निघाला.
मेस्त्रीनं तो बोटानं फोडला, वाट पाहिली.
दुसरा आला नाही.

"किती चालेल?" बाबांनी विचारलं.
"चालवाल तसं."
पैसे अर्धे रोख, अर्ध्यांची लोकर.

परतताना त्याच चढावर काटा वर सरकू लागला
आणि बाबांनी, मी काही म्हणायच्या आत, गाडी कडेला घेतली.
बॉनेट उघडं टाकून चूल पेटवली.
तास गेला. वारा बॉनेटवर खडे मारत होता.
मग उठले, इंजिनवर पालथा हात टेकवला,
टेकवूनच ठेवला,
आणि डबा माझ्याकडे सरकवला.
"आता ओत."

मी ओतलं. बारीक धारेनं.