झाकण उघडू नकोस

शमा, तीन दिवस मी मिरजेला, डोळ्याच्या ऑपरेशनला.
भट्टी तुझ्या हवाली. किल्ली मीटरच्या पेटीवर,
पाल असते तिथं, आधी टिचकी मार.

काच धू. साबणानं, मग नुसत्या पाण्यानं,
मग एक्स-रे धरतात तशी कडेकडेनं धर.
बोटाचा ठसा आत्ता दिसत नाही.
आठशे अंशांत गेला की पुसत नाही.

खिडकीच्या काचेला दोन अंगं असतात.
कारखान्यात ती वितळलेल्या कथलावर तरंगत आलेली,
एका अंगाला कथील लागलं ते लागलंच.
वीरकर सराफांकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे.
अंधारात धर. दुधाळ चमकेल ते अंग खाली.
वीरकर चहा पाजतील, पी.
वाडग्याचं विचारतील, दिवाळीचं सांग.
कुठली दिवाळी ते सांगू नकोस.

फरशीला पांढरा लेप पाच हात:
एकदा उभा, एकदा आडवा, मधे वाळू दे.
आळस केलास तर काच फरशीला धरेल
आणि मग छिन्नीनंही सोडणार नाही.

तीन मिलिमीटरवर तीन. सहा झाली की काच समाधानी.
कमी असेल तर अंग चोरते, कडा आत ओढते.
जास्त असेल तर पसरते,
लग्नाच्या पंगतीत एखादा मांडी पसरून बसतो तशी.

चढताना सावकाश, तासाला दीडशे.
सहाशे ऐंशीला अर्धा तास थांब,
दोन थरांमधली हवा वाट शोधत असते, तिला जाऊ दे.
मग आठशे तीस, दहा मिनिटं, बास.
उतरताना सातशेच्या घरात रेंगाळू नकोस,
तिथं काचेवर साय धरते.
पाचशे साठला मात्र तासभर बसव तिला.
इथं काही होताना दिसत नाही.
सगळं इथंच होतं.

वीज जाईल. गुरुवारी जातेच.
झाकण उघडू नकोस.
विटा ऊब धरून असतात, तू वेळ लिहून ठेव
आणि सदाशिवगडाकडे बघत बस.

वाडगा करायचा तो दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या आचेत.
साचा धोंडिबा कुंभाराचा, तळाला भोक आहे ना बघ,
नाहीतर हवा अडकून काच पोटात फुगते.
सातशेच्या आसपास काळा चष्मा लावून झरोक्यातून बघ:
कडेची सरळ रेघ वाकली, की ती बसायला लागली.
चष्म्याशिवाय बघू नकोस.
आमच्या आप्पांनी ओगलेवाडीत बावीस वर्षं
उघड्या डोळ्यांनी आग बघितली, शेवटी माणसं आवाजावरून ओळखायचे.
माझा डोळा कशानं गेला ते डॉक्टरला विचारीन.

आणि एक.
रुमालात बांधून आणलेले काकणांचे तुकडे
मी फळीवर बघितले. तुझ्या अम्मीचे असावेत, विचारलं नाही.
वाडग्यात घालू नकोस.
मी घातला होता, आप्पांच्या कंदिलाच्या काचेचा निळा तुकडा,
मधोमध. भट्टीतून निघाला तेव्हा काय देखणा!
सतराव्या रात्री, कपाटात, कुणी हात न लावता, टिक्.
निळ्याभोवती गोल चीर.
भांडण नव्हतं गं त्यांचं.
निवताना एक जरा जास्त आखडली, दुसरी जरा कमी.
काच हे विसरत नाही, फक्त उशिरा सांगते.

तुकडे फरशीच्या डाव्या कोपऱ्यात ठेव, एकेकटे,
एकमेकांना न लागता. तिथं जागा सोडलीय.
बारीक काच तापली की आपली आपण गोल होते.
हिरवे मणी होतील. भोक पाडायचं मी शिकवीन.

शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं येईन, डोळ्याला पट्टी.
तेव्हाही झाकण कोमट लागलं,
तर दोघी बाहेर पायरीवर बसू.