उजवीकडून

अश्दोदहून आत्यानं पाठवलेलं चित्रांचं पुस्तक
पूर्णा जंक्शनच्या पोस्टात आठ दिवस पडून होतं.
पत्ता एवढाच : शिमशोन तळकर, गार्ड, रेल्वे क्वार्टर.

एलिशेवानं उघडलं तर
गोष्ट आधीच संपलेली.
मुलगी झोपलेली, दिवे विझलेले, मांजर पाठमोरं.
"पप्पा, उलटं शिवलंय हे."
"मग वापस करा की," शेजारचा बालाजी.

प्रार्थना मला पाठ आहेत,
बापाच्या वहीतून, देवनागरीत.
अक्षरं मात्र धुक्यातल्या सिग्नलसारखी,
आहे एवढं कळतं,
रंग नाही.

दूध घेऊन आलेली तरन्नुम,
उर्दू शाळा, दुसरी ब,
चपला काढून खाली बसली,
पुस्तक नुसतं पालथं केलं
आणि उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं.
"इथून असतंय. हे बगा जेर, हे जबर.
अक्षरं तेवढी कुणीतरी चौकोनी काढलीत."

पहिल्याच पानावर शुक्रवार लागला.
दोन मेणबत्त्या (आमच्याकडे ग्लासात तेल)
आणि वेणी घातलेला पाव.
"पावाची वेणी कोण घालतं?"
"त्याची आई," एलिशेवा म्हणाली,
रोजचंच असल्यासारखी.

वाचता कुणालाच येत नव्हतं.
तिघांनी मिळून सगळं वाचलं.
या खेपेला मुलगी वेळेवर झोपली.

ड्यूटीला निघालो तेव्हा पायरीवर बालाजी
आपलं पहिलीचं पुस्तक
मागून उघडून बघत होता,
तिथं कोण झोपलंय ते.