चुण्या

आठवीत मी शाळा बदलली.
माझगावात, लाकडाच्या वखारींमागे, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे गणित आठवड्यातून तीनदा,
आणि तेही उरकून टाकायचे,
जसा जुन्या शाळेत चित्रकलेचा तास.

प्रवेश परीक्षेच्या दिवशी आईने कारकुनाला विचारलं,
"चित्रं काढण्यात पण नापास होतात?"
"होतात की," तो म्हणाला. "फी परत मिळत नाही."

पहिल्याच आठवड्यात
खुर्चीवर एक पांढरं कापड टाकून
आजगावकर सर दाराशी गेले, आणि तिथून म्हणाले,
"कापड काढू नका. वजन काढा."
आम्ही अठरा जण, लाकडी बाकांवर मांड ठोकून
(त्या बाकाला गाढव म्हणतात, हे नंतर कळलं)
एका रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिलो.
झैनबने आधी खुर्ची काढली, मग तिला नेसवली.
लॉरीने रबरच जास्त चालवला.
माझा हात पुढे जाईना.
मला उठून ते कापड ओढून सरळ करायचं होतं.

घरी आमचा धंदा इस्त्रीचा.
भायखळ्याला, जिन्याखाली,
फळीवर घोंगडी, घोंगडीवर विटकी साडी,
आणि पोटात निखारे घेतलेली पितळी इस्त्री.
नगाला पंचाहत्तर पैसे.
एक चुणी राहिली तर कपडा परत,
वर दोन शब्द.

त्या घरातल्या मुलीला म्हणे
चुणी बघत बस. दोन तास.
उजेड तिच्यावर कुठे चढतो, कुठे घसरतो,
तळाशी काळं किती,
आणि त्या काळ्याच्याही आत
ती एक फिकट रेघ:
"शेजारच्या घडीने उसना दिलेला उजेड," सर म्हणायचे.
उसना म्हणजे काय ते मला ठाऊक होतं.
वाण्याच्या वहीत पानभर होतं.

चारकोलच्या कांड्या महाग,
म्हणून इस्त्रीतला विझलेला कोळसा पुडीत बांधून नेला.
कागद टराटरा ओरखडला. वर्ग हसला.
सरांनी तो कोळसा बोटांत फिरवला.
"हा उघड्यावर जळालाय," म्हणाले,
"आपल्याला कोंडून जाळलेला लागतो."
आणि स्वतःची अर्धी कांडी मोडून दिली.

दिवाळी गेली, नाताळ गेला, मी कापडच काढत होते.

जानेवारीत प्रदर्शन.
आई दुकान बंद करून आली,
मावशीने दिलेल्या साडीची घडी मोडून.
मोठमोठी रंगीत चित्रं सोडून
माझ्या काळ्यापांढऱ्यापुढे थांबली.
'हात लावू नये' अशी पाटी होती.
तिचा तळवा उठला, पालथा झाला,
आणि डाव्या कोपऱ्याकडून, सवयीने, कागदावरून फिरला.
सगळ्या सावल्या एका अंगाला वाहून गेल्या.

ती दचकली. हाताकडे बघितलं. पदराला पुसणार, तर पदर नवा.
मी मान खाली घातली.
"मांजरपाट आहे," ती म्हणाली.
मागे सर उभे होते. "कशावरून?"
"पडलंय कसं, बघा की. टेरिकॉट असं बसत नाही,
ते सारखं उठायला बघतं."
सर बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "बरोबर. मांजरपाटच."
आणि तिला हात पुसायला स्वतःचा रुमाल दिला,
चुरगळलेला.

तो तिने घरी आणला, धुतला, कडक इस्त्री केली.
सोमवारी दप्तरात घातला.

त्याच आठवड्यात कधीतरी, संध्याकाळी,
मी फळीच्या टोकाला अभ्यास करत होते.
आईने गठ्ठ्यातून एक शर्ट उपसला,
पाणी शिंपडायला हात तांब्यात घातला
आणि तसाच ठेवला.
कोपरापासून खांद्यापर्यंत एक लांब चुणी,
दिव्याखाली एका बाजूने उजळलेली.
निखाऱ्यांवर राख धरायला लागली होती.

"ही घेतेस का?" ती म्हणाली.
"लवकर घे. सहाला द्यायचाय."